वार्धक्याचा पाया गर्भात
(मठाच्या वर्धापनोत्सवात दिलेले व्याख्यान)



गर्भधारणेपासून वार्धक्यापर्यंतच्या देहयात्रेविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत. हा विषय या व्यासपीठावर अप्रस्तुत वाटण्याचे कारण नाही. गर्भाच्या वाढीचा विचार गर्भोपनिषदात आहे, आणि समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकाचा आरंभच जन्मदुःखाच्या निरूपणाने केला आहे. त्यांचा रोख वैराग्याकडे होता. माझा रोख एका साध्या गृहकर्तव्याकडे आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना आपण उतारवयाचे आजार म्हणतो. परंतु त्यांचा काही पाया आपण जन्मास येण्यापूर्वीच घातला जातो, हे मला सांगावयाचे आहे.

आरंभ पाहू. मातेच्या अंडपेशीतील २३ आणि पित्याच्या शुक्रपेशीतील २३ अशी ४६ गुणसूत्रे एकत्र येऊन नवा जीव आकारू लागतो. मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते; तेव्हा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, पण अन्यायही आहे. सहा-सात दिवसांनी हा सूक्ष्म गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास हृदय स्पंदू लागते. ज्या नलिकेपासून मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकल्याचे स्त्रीच्या ध्यानात येते न येते, तोच हे महत्त्वाचे काम उरकलेले असते! ती नलिका नीट मिटण्यास फॉलिक आम्लाचे साहाय्य लागते. म्हणूनच त्याच्या गोळ्या गर्भधारणेपूर्वीच सुरू कराव्यात असे डॉक्टर सांगतात. आठ आठवडे पुरे होईतो बहुतेक अवयवांची मांडणी झालेली असते. पुढचा काळ मुख्यतः वाढीचा व पक्वतेचा.

देहाचे काही भांडवल एकदाच मिळते. मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तयार होऊन चुकतात. एका मूत्रपिंडात त्या सरासरी दहा लाखांच्या घरात असतात; त्यानंतर नवी गाळणी होत नाही. ज्या बाळाची गर्भात उपासमार झाली, त्याच्या वाट्याला त्या कमी येतात. थोड्यांवर अधिक भार पडतो आणि पुढे रक्तदाब वाढण्याचा संभव राहतो.

दुसरे उदाहरण याहून विस्मयकारक आहे. कन्येचा गर्भ वीस आठवड्यांचा असता तिच्या बीजकोशांत साठ-सत्तर लाख अंडपेशी असतात. जन्मसमयी त्या दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. याचा अर्थ असा की, ज्या सुनेच्या उदरी कन्या वाढत आहे, तिच्या उदरी त्या कन्येच्या भावी अपत्याचे बीजही आलेले असते. तिच्या ताटात वाढलेला घास तीन पिढ्यांना पोहोचतो.

हे केवळ अनुमान नव्हे. इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुइणी बाळांची वजने नोंदवीत असत. डेव्हिड बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या शोधून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पुरुषांची हकिगत पडताळली. १९८९ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, जन्मतः व पहिल्या वर्षअखेर ज्यांचे वजन कमी होते, त्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक होते.

आपल्याकडे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील बाळांच्या मानाने ती कृश होती, स्नायू कमी होते. परंतु चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसण्यात रोड आणि आतून स्थूल अशी ही प्रकृती पुढे मधुमेहास अनुकूल ठरते. दूध, पालेभाज्या व फळे ज्यांच्या आहारात अधिक वेळा होती, त्या मातांची बाळे सुदृढ निघाली. अतिश्रम करणाऱ्या मातांची बाळे लहान भरली.

तथापि भांडवल कमी मिळाले म्हणून दिवाळे निघालेच पाहिजे असे नाही. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, नंतर पूरक सकस अन्न, बालपणी खेळ, तारुण्यात मिताहार यांनी पुष्कळ तूट भरून निघते. हाडांचे बळ साधारण तिशीपर्यंत साठते. पंचेचाळीस-पन्नाशीच्या सुमारास स्त्रीची पाळी थांबते व हाडे वेगाने झिजू लागतात. वार्धक्यात स्नायू घटतात. म्हणून शक्ती असेल तोवर पायी चालणे सोडू नये. गुडघे धरून मठाच्या पायऱ्या चढणाऱ्या आजीबाईंच्या हाडांची पुंजी त्यांच्या तरुणपणीच जमा होत होती.

आता प्रत्यक्ष आचाराविषयी. आपल्या कित्येक घरांत सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते. गर्भवतीस आधी वाढावे. व्रतवैकल्यांविषयी मला आदर आहे. परंतु तिने केलेला निर्जळी उपवास तिच्या एकटीचा राहत नाही, ज्याने संकल्प सोडलेला नाही अशा जीवालाही तो घडतो. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव सहज राहते. तेव्हा दूध, दही, ताक तिच्या पानात नित्य असावे, आणि ज्यांना मासे व अंडी चालतात त्यांनी ती द्यावीत. फॉलिक आम्लाप्रमाणेच लोहाच्या गोळ्याही सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. त्या आणून डब्यात ठेवून भागत नाही, पोटात गेल्या पाहिजेत.

सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटले आहे. तिच्या डोहाळ्यांचे कौतुक आपण हौसेने करतो, ओटी भरतो, गाणी म्हणतो. माझी नम्र विनंती एवढीच की, डोहाळजेवण एका दिवसाचे न ठेवता नऊ महिन्यांचे करावे. त्या ताटाचे ऋण पन्नास वर्षांनी एखादे निरोगी हृदय फेडील.