वही कोणाची, किल्ली कोणाची?



न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता, आणि तो चुकीचा नव्हता. कर्ज रयतेचे, पण लिहिणारा हात सावकाराचा. किती फेडले हे ज्याची वही तोच सांगणार!

आता वही संगणकात गेली आहे. आपल्या मानखुर्दात एखादा गृहस्थ चार यंत्रे मांडून शिलाईचे काम घेतो. कोणीतरी त्याला हिशेबाचा प्रोग्राम बसवून देतो. असे कित्येक प्रोग्राम वर्गणीवर चालतात. वर्गणी थकली की नवी नोंद होत नाही. शिवाय नोंदी अशा साच्यात ठेवलेल्या असतात की दुसऱ्या प्रोग्रामला त्या वाचता येऊ नयेत. आकडे याच्या घामाचे आणि किल्ली परक्याच्या खिशात, असा हा प्रकार आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने साध्या सभासदालाही संघटनेच्या हिशेबवह्या पाहण्याचा हक्क दिला होता. तो हक्क माणसाला स्वतःच्या गल्ल्यावर नसावा काय?

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी केली. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. प्रोग्राम वापरावा, त्याची घडण उघडून पाहावी, ती बदलावी, दुसऱ्याला द्यावी, ही मोकळीक त्यात आहे. 'ग्नूकॅश' हा असाच हिशेबाचा प्रोग्राम. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची. आणि हे सारे परदेशातलेच आहे असे समजू नका. मुंबईत कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरच्या पुढाकाराने 'ग्नूखाता' घडला. आपल्या मानखुर्दातल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचे काम वर्षानुवर्षे केले.

या प्रोग्रामांची रीत दुनोंदी जमाखर्चाची. पाचोली या इटालियन साधूने ती १४९४ साली छापली. रोखीने पाचशेचा किराणा आणला, तर किराणा खाते नावे, रोकड खाते जमा. रक्कम कोठून आली आणि कोठे गेली, दोन्ही लिहिल्याशिवाय सुटका नाही. आपल्याकडे घोळ होतो तो येथेच. कारागिराला दोन हजारांची उचल दिली की मालक ती खर्चात टाकतो. ती खर्च नव्हे, येणे आहे! मजुरी चुकती करताना ती वळती झाली पाहिजे; नाहीतर उचल फिटली की नाही यावर दिवाळीला भांडण ठरलेले. दोघांसमोर खाते उघडले की बरेचसे भांडण तेथेच मिटते. तसेच गल्ल्यातून घरच्या बाजाराला नेलेले पैसे. ते दुकानाचा खर्च नव्हेत, मालकाने काढून नेलेली रक्कम आहे. घराची आणि धंद्याची पुस्तके निराळी ठेवली, की धंदा घराला पोसतो आहे की घरच धंद्याला पोसते आहे, हे सहा महिन्यांत कळते. घरच्या पुस्तकापाशी गृहिणीलाही बसवा. भिशी आणि सोनारतारणाचे आकडे तिलाच ठाऊक असतात.

अडचणीही सांगतो. ग्नूकॅश आपण होऊन जीएसटीचे विवरणपत्र भरत नाही. कर सल्लागार म्हणेल, माझ्याच प्रोग्रामात द्या. त्याला नोंदींचा तक्ता काढून द्यावा, तो कोणत्याही संगणकावर उघडतो. मात्र ज्यांनी रीतसर कंपनी नोंदवली आहे त्यांनी आधी लेखापरीक्षकाला विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या सॉफ्टवेअरात प्रत्येक फेरफाराची नोंद राहणे बंधनकारक झाले आहे. एकट्याच्या दुकानाला तो नियम लागू नाही.

बदल करायचा तर १ एप्रिलला करावा. मागची दहा वर्षे नव्या पुस्तकात भरत बसू नये. हाती रोकड किती, बँकेत किती, येणे किती, देणे किती, एवढ्या शिलका मांडून आरंभ करावा. तीन महिने जुनी वही सोबत चालू द्यावी आणि दर शनिवारी दोन्हींची रोकड गल्ल्याशी ताडून पाहावी. पुस्तकाची एक प्रत पेनड्राइव्हवर घालून ती दुकानाबाहेर, घरच्या कपाटात ठेवावी. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी कोठवर चढते हे मी तुम्हांला सांगायला नको.