गोळ्या मोजण्याची सेवा
(वार्षिक सभेतील भाषण)



तुमच्या दानातून सातपुड्याच्या पाड्यांवर गृहभेटी चालतात. त्यातल्या एकाच कामाविषयी बोलते. आम्ही गोळ्या मोजतो.

कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेतल्या आजाऱ्यांना डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. औषध अफूपासूनचे, म्हणून १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात बसते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता कमी केला. रुग्णालयाचे झाले, पण घरात त्या गोळीची राखण कोणी करायची?

साधी गोळी चार-चार तासांनी द्यायची, दुखणे उठण्याची वाट पाहायची नाही. पाड्यावर घड्याळ कुठले? आम्ही पाकिटावर चित्रे काढतो: कोंबडा, चढता सूर्य, कलता सूर्य, दिवा, चंद्र. दिवसाच्या पाच गोळ्या, आठवड्याच्या पस्तीस.

एका घरी चार दिवसांनी गेले. पंधरा उरायला हव्या होत्या, नऊच होत्या. सून खाली बघून म्हणाली, "ताई, यांची कंबर दुखत होती." मुलगा मोहाची पिऊन वर ती गोळी घेत होता. दारू आणि मॉर्फिन एकत्र आले की श्वास मंदावतो, झोपलेला माणूस उठत नाही. तो उठला, ही देवाची दया. आणि सहा गोळ्या म्हणजे आजोबांच्या एका अख्ख्या दिवस-रात्रीहून जास्त!

मी रागावले नाही. रागावले तर पुढच्या वेळी खरे सांगणार कोण? तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. मुलाला कंबरेसाठी दवाखान्यात पाठवले, डबा कुलूप लावून आजीकडे दिला.

काही जण विचारतात, सवय लागेल म्हणून गोळी बंदच का करत नाही? अचानक बंद केली तर अंग थरथरते, घाम फुटतो, दुखणे दुप्पट वाटते. कमी-जास्त डॉक्टरच करतील. आम्ही प्रत्येक भेटीत विचारतो, शौचाला होते का, कारण बद्धकोष्ठता सुटत नाही. झोप फार येते का, हाक मारली तर उठतात का, तेही विचारतो.

आजारी प्रभूकडे गेला की उरलेल्या गोळ्या मोजून रुग्णालयात परत नेतो. दुःखाच्या घरात गोळ्या मागणे जड जाते. तरी मागते, त्याच घरात लेकरे खेळत असतात.

कुलपाचे लहान पत्र्याचे डबे कमी पडत आहेत. कोणाकडे असतील तर उपासनेनंतर माझ्याकडे द्यावेत.