परदेशचा फोन आणि आपले सिम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 माझे शिक्षण सातवीपर्यंत. मोठमोठ्या विषयांवर बोलणाऱ्या विदुषी भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते घरातल्याच एका वस्तूविषयी. विषय लहान वाटेल. पण वेळ आली म्हणजे तो किती मोठा होतो, हे मी जवळून पाहिले आहे.

हल्ली आपल्यापैकी अनेकींची मुले, भाचे, पुतणे अमेरिकेत असतात. दिवाळीला येताना आईसाठी, काकूसाठी फोन आणतात आणि सांगतात, "अनलॉक्ड आहे, कुठलेही सिम घाल, चालेल." त्यांची माया खरी, फोनही चांगला. पण हा 'चालेल' शब्द आपण नीट पारखून घ्यावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी हे कुलूप म्हणजे काय ते पाहू. बोटाचा ठसा लावून किंवा आकडे दाबून आपण फोन उघडतो, ते कुलूप निराळे. अमेरिकेत मोबाइल कंपन्या हप्त्याने फोन देतात आणि हप्ते फिटेपर्यंत त्यात दुसऱ्या कंपनीचे सिम चालू देत नाहीत. ते हे कुलूप. आपल्याकडे बहुतेक फोन दुकानातून रोख घेतलेले व मोकळेच असतात, म्हणून आपल्याला त्याची सवय नाही. तरी २०१७ साली निघालेला जिओफोन आठवा. त्यात दुसरे सिम चालत नसे. परदेशातले कुलूप ज्या कंपनीने घातले तिनेच काढायचे असते. हप्ते फेडून मुलाने तिकडेच तसा अर्ज करावा. इथे बाजारात कोणी "दोन हजारांत उघडून देतो" म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नये.

परंतु कुलूप निघाले म्हणजे काम झाले, असे नव्हे. आमच्या थोरल्या जाऊबाईंना त्यांच्या मुलाने असाच फोन दिला. कुलूप रीतसर काढलेले होते. सिम घातले, फोटो आले, व्हॉट्सअ‍ॅपवर नातवंडांचे तोंड दिसले, सगळे आनंदात. तीन दिवस कुणाच्या लक्षातही आले नाही की, साधा फोन ना बाहेर जातो ना आत येतो. आमच्या नणंदबाई तर "वहिनी फोनच उचलत नाहीत" म्हणून रुसून बसल्या. तिसऱ्या रात्री भावजींच्या छातीत कळ आली, घाम फुटला. घरात दोघेच. जाऊबाई डॉक्टरांना फोन लावतात, तो लागेना; पुन्हा लावतात, लागेना. अखेर अनवाणी धावत शेजारी गेल्या आणि त्यांच्या फोनवरून डॉक्टरांना बोलावले. देवाची कृपा, भावजी आज बरे आहेत. पण त्या दहा मिनिटांत बाईच्या जिवाचे काय झाले असेल, हे आपणा सर्वजणींना सांगायला नको.

असे का व्हावे? माझ्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने मला ते समजावून दिले. माझ्या वडिलांकडे एक ट्रान्झिस्टर होता. त्यात मीडियम वेव्ह होती, शॉर्ट वेव्ह नव्हती. पुणे केंद्र छान लागे. रेडिओ सिलोन मात्र काही केल्या लागत नसे, कारण ते शॉर्ट वेव्हवर होते. फोनचेही तसेच. प्रत्येक कंपनीच्या लहरींचे पट्टे ठरलेले असतात. जिओचे फोरजी ८५०, १८०० आणि २३०० या पट्ट्यांवर चालते. त्यांचे नंबर ५, ३ आणि ४०. यांपैकी चाळीस नंबरचा पट्टा अमेरिकेतल्या कंपन्या वापरत नाहीत, म्हणून तिकडच्या काही फोनांत तो नसतो. मग गावात टॉवर असूनही त्या पट्ट्याचा उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. जिओ ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाले ते फोरजीवरच. जुने टूजी किंवा थ्रीजी त्यांच्याकडे कधी नव्हतेच. त्यामुळे बोलणेसुद्धा फोरजीवरून जाते. याला 'व्होल्टे' म्हणतात. ही सोय फोनमध्ये असून भागत नाही. ती आपल्या कंपनीसाठी चालू असावी लागते. तिकडच्या कंपन्यांसाठी बनवलेल्या काही फोनांत ती फक्त त्यांच्यापुरतीच असते. मग इंटरनेट चालते आणि बोलणे होत नाही. एअरटेल, व्हीआय व बीएसएनएल यांचे टूजी अजून आहे; तिथे असा फोन निदान जुन्या वाटेने लागतो. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २०११ पासून आहे. जाऊबाईंनी तोच मार्ग धरला. पण खरा उपाय म्हणजे फोनच जुळता घेणे.

तिसरी गोष्ट सिमच्या खाचेची. २०२२ साली आलेल्या आयफोन चौदापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत सिम घालायची खाच नसते. त्यांत ई-सिम घ्यावे लागते. जिओ, एअरटेल व व्हीआय ते देतात. मात्र फोन बिघडला तर सिम काढून जुन्या फोनात घातले, असे करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या भगिनींनी हाच विचार उलट बाजूने करावा. तिथल्या एटी अँड टी कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले आणि आपल्याकडे कोणते फोन चालतील त्याची यादीच काढली. आपला फोन कुलुपाविना असला, तरी तिकडच्या सिमवर बोलणे होईल का, हे निघण्यापूर्वी मुलांना पाहायला सांगावे.

तर भगिनींनो, फोन येण्याआधी मुलांना एवढे विचारा: पुरे मॉडेल कोणते? हप्ते फिटले का? कुलूप निघाले का? आपल्या कंपनीचे पट्टे त्यात आहेत का? आपल्या कंपनीवर व्होल्टे चालते का? आयफोन असेल तर सेटिंग्ज, जनरल, अबाउट असे जाऊन 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिले आहे का ते पाहा. जुना फोन विकत घेत असाल तर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा आकडी नंबर दिसेल. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, मग जागा सोडून तो नंबर, असा संदेश १४४२२ वर पाठवला की, तो फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कळते.

आणि फोन हाती आला की, व्हॉट्सअ‍ॅप पाहून समाधान मानू नका. शेजारणीला साधा फोन लावा, तिला तुम्हाला लावायला सांगा. स्वयंपाकघरात, माजघरात, अंगणात, तिन्ही ठिकाणी बोलून पाहा. हे झाल्याखेरीज जुना फोन कुणाला देऊन टाकू नका.

लुगडे घेताना आपण पदर उलगडून पाहतो, भांडे घेताना वाजवून पाहतो. मग ज्या वस्तूवर रात्रीअपरात्री घरच्या माणसाचा जीव अवलंबून असतो, ती "मुलगा म्हणाला म्हणून" कशी घ्यावी? विचारण्यात कमीपणा नाही. यंत्र शिकलेल्यांचे असेल, पण गरज आपली आहे.