दाखला तुझा, गल्ला माझा

(सांताक्रूझ पूर्वेला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी कविता म्हणणार म्हणून काहीजण आलेत. आज कविता नाही. आज धंदा.

गोळीबारातला आपला एक दोस्त परवा विचारत होता. शेठ म्हणतो, जातीचा दाखला तुझा, डोकं माझं. कर्ज तुझ्या नावावर काढू, तुला घरबसल्या महिना देतो. सही करू का?

मी गोदीतला कामगार. जहाजातून पेटी उतरली की टॅलीच्या कागदावर खूण होते. खूण नाही तर पेटी आलीच नाही. धंद्याचं तेच. गल्ल्यावर कोण बसतो हे मागाहून. कागदावर नाव कुणाचं हे पहिलं.

2016 साली स्टँड-अप इंडिया योजना आली, 2025 पर्यंत चालली. 10 लाख ते 1 कोटी कर्ज, दर बँक शाखेनं निदान एका दलित वा आदिवासीला आणि एका बाईला द्यायचं होतं. भागीदारी असेल तर 51 टक्के हिस्सा आणि कारभार त्याच माणसाच्या हातात हवा होता. शेठला नेमके असे 51 टक्के हवेत, पण कागदापुरते. आणि 1932 चा भागीदारी कायदा काय सांगतो? भागीदारीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार सगळाच्या सगळा जबाबदार. माल शेठ नेणार, जप्ती आपल्या खोलीवर. साला, वेठीला आता स्टॅम्पपेपर लागतो एवढंच.

बाबासाहेबांनीही मुंबईत शेअर-सल्ल्याचा धंदा काढला होता. गिऱ्हाइकांना जात कळली, धंदा बसला. तेव्हा दाद मागायला कलम नव्हतं. आज 1955 च्या कायद्यानं अस्पृश्यतेपायी कुणाचा धंदा अडवणं गुन्हा आहे. 2015 च्या दुरुस्तीनं आर्थिक बहिष्कार, त्याची नुसती धमकीसुद्धा, ॲट्रॉसिटीत आली. एकानं तुझा वडा खाल्ला नाही म्हणून केस होत नाही हं. सगळ्यांनी ठरवून गिऱ्हाईक तोडलं की होते.

आणि ज्याच्याकडं नुसती टोपली आहे तो? माझी मावशी स्टेशनाबाहेर कोथिंबीर विकायची. एक दिवस गाडी आली, टोपली गेली. पावती नाही. तिनं मागितलीच नाही. मागायची असते हे तिला सांगितलं कुणी? मी तेव्हा दहावीला होतो, मलाही ठाऊक नव्हतं.

रस्त्यावर विकणं हा अनुच्छेद 19 मधला हक्क आहे, वाजवी बंधनांसकट, हे सुप्रीम कोर्टानं 1989 साली सोदान सिंग खटल्यात सांगितलं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं उचललेल्या मालाची यादी द्यावी लागते. मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. हटवायचं तर 30 दिवसांची नोटीस. पथविक्रेता समितीत 40 टक्के लोक विक्रेत्यांनी निवडलेले. कागदावर हे सगळं आहे. त्याच साली मुंबईत लाखाच्या आसपास अर्ज आले, पात्र ठरले सुमारे 15 हजार. म्हणून म्हणतो, दंडाची पावतीसुद्धा फेकू नका. अमुक साली अमुक जागी मी बसत होतो, याचा तो पुरावा. आणि विक्रीचं प्रमाणपत्र भाड्यानं द्यायचं नाही, ते रद्द होतं.

बाकी किरकोळ. छोट्या दुकानाला नुसती सूचना द्यायची, 2017 च्या कायद्यानं. वडापावच्या गाडीलाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे मागणारा दलाल चोर.

सहीवाल्या दोस्ता, तू मागं बसलायस, दिसतोयस मला. शेठचा कागद उद्या संध्याकाळी घेऊन ये. माझी पाळी चारला सुटते. ओळ न ओळ वाचू, आणि शेठला विचारू, चेकबुकावर सही कुणाची चालणार?