पुस्तकांच्या दुकानाचा हिवाळा

थंडीच्या दिवसांतील बातम्या म्हटल्या कीं कांद्याचा भाव, नागपूरचें अधिवेशन आणि कोठें पारा किती उतरला, एवढ्या आपण सवयीनें वाचतों. मी राहतों त्या वाशीस आणखी एक बातमी असते : खाडीवर रोहित पक्षी उतरले कीं नाहीं. पण आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे तें पुस्तकांच्या दुकानाच्या हिवाळ्याविषयीं. अशा दुकानांत घडण्यासारखें तें काय असणार, असें कोणी विचारील. वाण्याची साखर संपते, कापडवाल्याकडे नवा माल येतो. पुस्तकें बिचारीं आपल्याकडे पाठ करून फळीवर उभीं असतात.

वस्तुतः पुस्तकविक्रेत्याचें वर्ष हिवाळ्यावर तोललेलें असतें. आपल्या कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत कागद हवेंतील ओल शोषून घेतो. पानें फुगतात, पुठ्ठे वांकतात, कापडी बांधणीवर बुरशीचे ठिपके उमटतात, आणि कसर नांवाचा चंदेरी किडा आंतील खळीच्या लोभानें पुस्तकांत बिऱ्हाड करतो. दिवाळी आली म्हणजे दुकानदार हीं सारीं पुस्तकें झटकून पुसून पुन्हा मांडतो आणि पुढें दिवाळी अंकांची रास लावतो. ती ओसरते न ओसरते तोंच प्रदर्शनांचे दिवस येतात. साहित्यसंमेलनाचे मांडव बहुधा याच दिवसांत पडतात, आणि पार्ल्याच्या ‘मॅजेस्टिक गप्पा’हि थंडींतल्याच. एका पुस्तकविक्रेत्यानें लेखकाला आणि वाचकाला समोरासमोर बसवावें व त्यासाठीं लोकांनीं शाल पांघरून यावें, हा आपल्याकडील हिवाळ्याचा एक खास थाट आहे. (मुंबईच्या थंडीला शाल लागते कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा.)

मुंबईच्या इंग्रजी वाचकांचा असाच एक हिवाळी सण होता. तो म्हणजे स्ट्रँड बुक स्टॉलची चर्चगेटजवळील सुंदराबाई सभागृहांतील विक्री. टी. एन. शानभाग यांनीं १९४८ सालीं कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहांत एक लहानसें दुकान थाटलें. विद्यार्थीदशेंत एका दुकानांत पुस्तकें चाळतांना त्यांना हटकण्यांत आलें होतें, आणि जेथें कोणालाहि मोकळेपणानें पुस्तक चाळतां येईल असें दुकान काढावयाचें हें त्यांनीं तेव्हांच मनाशीं ठरविलें, असें सांगतात. पुढें तें दुकान फोर्टमध्यें सर फिरोजशहा मेहता रस्त्यावर आलें. जागा चिंचोळी, पण गिऱ्हाइकाला सवलत मिळे आणि त्याहून मोलाची अशी मालकाची शिफारसहि मिळे. २००३ सालीं सरकारनें या पुस्तकविक्रेत्यास पद्मश्री दिली.

त्या विक्रीला मी वाशीहून दोन रिकाम्या पिशव्या घेऊन जात असें. लांबलचक मेजांवर पुस्तकें उताणीं पडलेलीं असत. शेजारचा अनोळखी मनुष्य आपल्या हातांतील पुस्तकाकडे असा पाही, कीं तें खालीं ठेवण्याचा धीर होऊं नये. परततांना गाडींत पिशव्या मांडीवर घेऊन बसावें आणि मानखुर्द मागें पडून खाडी आली, कीं घरीं पत्नीला खर्चाचा कोणता आंकडा सांगावा याचा विचार सुरू करावा, असा माझा क्रम असे.

शानभाग २००९ सालीं वारले. दुकान पुढें नऊ वर्षें चाललें आणि २०१८ च्या फेब्रुवारींत बंद झालें. ती बातमी वाचून मी फार हळहळलों. चार मित्रांना तशीं पत्रेंहि धाडलीं. मग सहज मनांत आलें, आपण तेथें शेवटचें पुस्तक केव्हां घेतलें? उत्तर सुखाचें नव्हतें. त्या दुकानांत मीं कित्येक वर्षांत पाऊल टाकलें नव्हतें. एवढेंच नव्हे, तर दुसऱ्या एका दुकानांत तासभर पुस्तकें चाळून, त्यांचीं नांवें भ्रमणध्वनींत टिपून घेऊन, घरीं आल्यावर तींच मीं अधिक सवलतींत टपालानें मागविलीं होतीं. दुकानदारानें मला बसावयास स्टूल दिलें होतें, तें मला आजहि आठवतें. त्याच्या जागेचें भाडें, दिव्यांचा खर्च, नोकरांचा पगार, हें सारें ज्या किमतींतून निघावयाचें ती मीं दुसऱ्याच कोणाला देऊन टाकली. असे गिऱ्हाईक असल्यावर दुकानाला वेगळा शत्रु कशाला हवा?

आतां दुसऱ्या एका हिवाळ्याची गोष्ट. हुतात्मा चौकाजवळ, सोमैया भवनांत, २०११ सालीं ‘किताबखाना’ हें दुकान उघडलें. उंच छत, जुने लांकडी खांब, इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती पुस्तकें, आणि मागें चहाकॉफीची सोय. २०२० च्या साथींत इतर दुकानांप्रमाणें तेंहि महिनेच्या महिने बंद राहिलें. तें उघडून लोक पुन्हा येऊं लागले, आणि ९ डिसेंबरला तेथें आग लागली. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. परंतु हजारों पुस्तकें गेलीं. कांहीं ज्वाळांनीं, आणि पुष्कळशीं आग विझविण्याकरितां मारलेल्या पाण्यानें.

पाणी हें पुस्तकाचें मरण कसें, तें थोडें सांगतों. मिटलेलें जाड पुस्तक सहजासहजीं जळत नाहीं. पानें एकमेकांस घट्ट चिकटून असल्यामुळें आंत हवा शिरत नाहीं, आणि पुष्कळदां कडा तेवढ्या काळ्या पडतात. पाणी मात्र आंतपर्यंत जातें. चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत कागद भिजला, कीं त्यावरील मातीचा लेप सुटतो आणि वाळतांना सारें पुस्तक एक वीट होऊन बसतें. दोनतीन दिवसांत बुरशी धरते. इटलींत ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीच्या पुरानें फ्लॉरेन्सचें राष्ट्रीय ग्रंथालय बुडालें, तेव्हां देशोदेशींच्या तरुणांनीं हातोहात चिखलांतून ग्रंथ काढले आणि तंबाखू वाळविण्याच्या भट्ट्यांत ते सुकविले. पण ते दुर्मिळ ग्रंथ होते. दुकानांतील माल अशा रीतीनें वाळवून कोणास विकावयाचा? त्याची नोंद तोट्याच्या खात्यांतच व्हावयाची.

ती बातमी ऐकली तेव्हां मला पुन्हा हळहळण्याची लाज वाटली. मृत्युलेख लिहावयास आपण सारे तयार असतों. किताबखान्याला मात्र त्याची गरज पडली नाहीं. चालकांनीं दुकान पुन्हा उभें केलें आणि २०२१ च्या मार्चमध्यें, दहाव्या वर्षींच, दार उघडलें. मी गेलों तेव्हां फळ्यांना नव्या लांकडाचा वास होता. मीं दोन पुस्तकें उचललीं, भ्रमणध्वनि खिशांतच ठेवला, आणि सांगितलेली किंमत मोजली. यांत पराक्रम कांहीं नाहीं. पण हिशेबाच्या मेजापाशीं उभें असतांना मला तें स्टूल आठवत होतें.

आमच्या नव्या मुंबईविषयीं एक तक्रार करूं द्या. १९७० पासून हें शहर आंखून-रेखून वसविलें गेलें. १९७३ सालीं खाडीवर पूल झाला, १९९२ सालीं आगगाडी वाशीस आली. कांदाबटाट्याचा आणि मसाल्याचा घाऊक बाजार मुंबईहून उचलून आमच्याकडे आला. त्याचा वास वाऱ्याबरोबर आम्हांस नित्य भेटतो. पुस्तकांचा बाजार मात्र त्या कोणाला आठवला नाहीं, आणि आम्हीं रहिवाशांनींहि कधीं त्याची आठवण करून दिली नाहीं. माझी मुलगी म्हणते, “बाबा, घरपोंच मिळत असतां एवढी यातायात कशाला?” तिचें म्हणणें अगदीं खोटें नाहीं. जें पुस्तक हवें हें ठाऊक आहे, तें घरीं येतें. पण ज्याचें नांवहि ठाऊक नव्हतें असें पुस्तक मला आजवर भेटलें तें दुकानांतच. शेजारच्या पुस्तकाकडे हात गेला आणि तें हातीं आलें, असेंच बहुधा झालें.

यंदाहि थंडी सुरू झाली आहे. माझ्या एका पिशवीचा बंद तुटला होता, तो कालच शिवून घेतला. येत्या शनिवारीं सकाळच्या गाडीनें जाणार आहें. मुलगीहि येतें म्हणाली आहे.