न दिसणारी गाठ

मी कवितेचा माणूस, बी.ए. झालेला. विज्ञानाशी माझी ओळख वाचनापुरती. पण एका प्रयोगाबद्दल वाचले आणि तो मनातून जाईना.

कोणताही अणू एकटा नसतो. भोवतालच्या प्रकाशाशी, कंपनांशी, शेजारच्या कणांशी त्याचे सूक्ष्म संबंध जुळत राहतात. या संबंधांपायीच क्वांटम संगणकातली नाजूक माहिती भोवतालात विरून जाते. म्हणून ते जुळले आहेत का, हे आधी कळायला हवे. पण भोवताल अफाट! तो मोजणार कोण? हाती असतो फक्त अणू.

मॅन्युएल गेसनर आणि हाइन्झ-पीटर ब्रॉयर यांनी २०११ मध्ये यावर एक युक्ती सुचवली. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे ती करून पाहिली गेली. तो शोधनिबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅल्शियमचा एकच विद्युतभारित अणू विद्युतक्षेत्राच्या सापळ्यात धरला होता. त्याच्या इलेक्ट्रॉनची अवस्था ही तपासायची वस्तू, आणि अणूचे स्वतःचे झुलणे हा तिचा भोवताल. लेसरने दोघांची गाठ मारली.

मग एकदा सारे तसेच पुढे जाऊ दिले. दुसऱ्यांदा मध्येच फक्त इलेक्ट्रॉनवर एक क्रिया केली. ती अशी की एकट्या इलेक्ट्रॉनकडे पाहिले तर त्या क्षणी काहीच बदललेले दिसू नये. मात्र झुलण्याशी क्वांटम धागे जुळलेले असतील तर ते तुटावेत. नंतर अणू चमकतो की अंधारा राहतो, एवढेच पुन्हा पुन्हा नोंदवले. दोन्ही वेळच्या नोंदी वेगळ्या निघाल्या. झुलण्याकडे न पाहताच गाठ उघड झाली!

मला अधिक भावली ती या पद्धतीची मर्यादा. नोंदी वेगळ्या आल्या तर गाठ होती, हे नक्की. पण सारख्या आल्या, तर गाठ नव्हतीच असे म्हणता येत नाही. ती या परीक्षेत दिसली नाही, एवढेच.

माझे नाव ऐकून, “तुम्ही मराठीत कसे लिहिता?” असे विचारणारे आजही भेटतात. अणूचे नियम माणसांना लावू नयेत, हे मला कळते. पण दिसले नाही म्हणून नाते नाहीच, असा निकाल देण्याची घाई प्रयोगशाळेत चालत नाही. गावातही ती चालू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.