गच्चीवरचा बांबूचा बार

गच्चीवर किंवा अंगणात बांबूचा छोटा बार उभारायचा, वर झापांचं छप्पर घालायचं, पुढे उंच स्टुलं मांडायची, अशी हौस अनेकांना असते. ‘टिकी’ म्हणून ओळखली जाणारी ही शैली 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजली, तीही पॅसिफिक बेटांच्या बऱ्याचशा काल्पनिक चित्रावर. पेल्यात काय ओतायचं हा अबकारी खात्याचा विषय, आपण कोकम सरबत धरू. नवशिक्याला माझं सांगणं एवढंच की सांगाड्याचे सांधे खिळ्यांनी ठोकू नका, दोरीनं बांधा. आणि हे शिकायचं तर कोलकात्याकडून शिका.

कोलकात्याच्या दुर्गापूजेला युनेस्कोनं 2021 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथल्या मांडवाची सुरुवातच बांबूनं होते. पहिल्या खांबाची पूजा, म्हणजे खुंटीपूजा, अनेक मंडळं रथयात्रेच्या दिवशी करतात. पुढे त्याच जागी राजवाडा उभा राहतो किंवा देऊळ, पण आतला सांगाडा बहुधा बांबूचा आणि सांधे दोरीचे. खिळे लागतात ते कापड ताणायला, फळ्या बसवायला. याला कारण आहे. बांबूच्या पेरात तंतू सगळे उभे धावतात, त्यांना आडवं धरून ठेवणारं काही नसतं. शिवाय आतून तो बहुधा पोकळ. खिळा मारला की तो पाचरीचं काम करतो आणि बांबू पेराच्या लांबीभर उलतो. दोरी मात्र त्याला बाहेरून आवळते, चिरू देत नाही. पूजा संपल्यावर दोरी कापली की तोच बांबू पुढच्या मांडवाला चालतो. आपल्याकडच्या इमारतींच्या बांबूच्या परांच्याही अशाच बांधलेल्या असतात. सांधा शक्यतो गाठीजवळ घ्यावा, तिथं आत पडदा असल्यानं बांबू दाबाखाली चेपत नाही.

कुणी म्हणेल, दोरी सैल पडते. पडते खरी, पण दोष बऱ्याचदा दोरीचा नसतो. ओला बांबू बांधला की वाळताना तो बारीक होतो आणि वेढे ढिले पडतात. म्हणून निदान तीन वर्षं वाढलेला, तोडल्यावर सावलीत वाळवलेला बांबू घ्या. सिंधुदुर्गातला माणगा यासाठी उत्तम, कारण तो सरळ, बिनकाट्याचा आणि बराचसा भरीव असतो. तरीही पहिल्या काही महिन्यांत सुंभ एकदा पुन्हा आवळावा लागेल, हे धरून चाला. बार डुगडुगतो त्याचं दुसरं कारण म्हणजे तिरकस टेकूच नसणं. चार खांब आणि आडव्या पट्ट्या कितीही घट्ट बांधल्या तरी चौकोन कलतोच. मागच्या बाजूला आणि दोन्ही अंगांना कर्णासारखा बांबू बांधला की त्रिकोण होतात आणि हलणं थांबतं. उभ्यानं टेकायच्या फळीची उंची साधारण 105 सेंटिमीटर ठेवा. ती फळी बोल्टनं बसवायला हरकत नाही, फक्त आधी ड्रिलनं भोक पाडून घ्या.

याहून वजनदार आक्षेप असा की मांडव काही आठवड्यांचा, बार काही वर्षांचा. हे मान्य करायलाच हवं. टिकाऊपणाच्या बाबतीत मांडव आपला गुरू नव्हे. बांबूतल्या पिष्टावर भुंगेरे जगतात आणि आतून त्याची भुकटी करतात. त्यावर स्वस्त उपाय बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणाचा. पण आतले पडदे लांब सळईनं फोडल्याशिवाय द्रावण पोकळीत पोचत नाही, आणि नुसता बाहेरून ब्रश फिरवणं म्हणजे मनाचं समाधान. शिवाय हे क्षार पाण्यात विरघळतात, पावसानं धुऊन जातात. म्हणून छप्पर ही निव्वळ शोभा नाही. ते फळीच्या चांगलं पुढे यायला हवं. खांब मातीत गाडू नका, दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवा. वरचं टोक गाठीच्या लगेच वर कापा, नाहीतर उघड्या नळीत पाणी साचून डास होतील. झापांखाली मात्र शेगडी कधीही नको. तळण घरातूनच आणा.